पाटीवरचे नाव, पासबुकातले नाव

मुंबईत हॉटेलाला निदान दोन नावे असतात. एक पाटीवरचे, एक कागदावरचे. पाटीवरचे गिऱ्हाइकासाठी, कागदावरचे सरकार, बँक आणि भागीदार यांच्यासाठी. आपण रोखीने पैसे मोजत होतो तोवर या दुसऱ्या नावाशी आपला काही संबंध नव्हता. चहा प्यायला, गल्ल्यावर पैसे ठेवले, बडीशेप तोंडात टाकली आणि चालू लागलो. कार्ड आले, मोबाईलवरून पैसे जाऊ लागले, आणि ते दुसरे नाव आपल्या घरात येऊन पासबुकात बसले.

मॅकडोनाल्ड्समध्ये मुलांना नेऊन आणावे तर खात्याच्या उताऱ्यावर हार्डकॅसल रेस्टॉरंट्स उमटते, कारण पश्चिम आणि दक्षिण भारतात ती दुकाने या नावाची कंपनी चालवते. डॉमिनोजचा पिझ्झा ज्युबिलंट फूडवर्क्सच्या नावावर जातो. स्विगीवरून बिर्याणी मागवणाऱ्यांना कित्येक वर्षे बंडल टेक्नॉलॉजीज हे नाव वाचावे लागले. मराठी माणसाला 'बंडल' मारणारे लोकच ठाऊक! आमच्या स्टाफरूममध्ये एका बाईंनी हा शब्द वाचून आपले पैसे बुडाले असे धरूनच चाललेल्या. २०२४ साली त्या कंपनीने स्विगी लिमिटेड असे नाव घेतले आणि तो घोळ मिटला. पण या मोठ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. त्यांची दोन्ही नावे कोणीही शोधून काढू शकतो. गल्लीतल्या, नाक्यावरच्या हॉटेलांचे काय?

महाराष्ट्रात पाटी मराठीत असावी यासाठी २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही ती लागू झाली, देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको असेही ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि अंधेरीपासून जुहूपर्यंतच्या पाट्या भराभर रंगल्या. आम्हाला बरे वाटले. शिकवतो उर्दू माध्यमात, पण रस्त्यावर मराठी वाचायला मिळाली की आमचे कोकणी मन सुखावते. मात्र अक्षर केवढे असावे हे कायदा सांगतो. पाटीवरचे नाव कोणाचे असावे, हे तो विचारत नाही. ते विचारणारे दुसरे असतात. त्यांच्याकडे पुढे येऊ.

आमची खाला आणि खालूजान चिपळूणहून आले होते, सोबत त्यांची मुलगी आणि जावई. मुंबईत आलेल्या पाहुण्यांना जुहू दाखवावेच लागते. खालूजान मोहम्मद रफीचे जुने चाहते, त्यांना आधी कब्रस्तानात जायचे होते. रफीसाहेब १९८० च्या जुलैत गेले, मधुबाला त्याआधी १९६९ मध्ये. दोघेही जुहूच्या कब्रस्तानात आहेत. साहिरही तिथेच. पण २०१० मध्ये नव्या मय्यतींना जागा हवी म्हणून जुनी पक्की बांधकामे काढली गेली. आता कबरीवर दगड नाही, नाव नाही. जवळच्या नारळाच्या झाडावरून चाहते रफीसाहेबांची जागा ओळखतात. खालूजानांनी अंदाजाने एका जागेकडे तोंड करून फातिहा पढला. "दुआ पहुँच जाती है, पता लिखना नहीं पड़ता," ते म्हणाले. बायका बाहेर रिक्षापाशी थांबल्या होत्या.

नंतर चौपाटी, वाळू, घोडागाडीसाठी मुलांचा हट्ट, आणि शेवटी जेवण. आम्ही आठ जण. अशा वेळी आमच्या घरचा एक ठरलेला नियम आहे: जिथे हलालची खात्री नाही तिथे शुद्ध शाकाहारी गाठावे. कोणाला विचारणे नको, कोणी संकोचणे नको. खालूजान हज करून आलेले, गावच्या जमातीत त्यांच्या शब्दाला मान. म्हणून मोठ्या देवनागरी अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी' लिहिलेल्या एका हॉटेलात आम्ही त्यांना नेले. पाटीवरचे नाव अगदी साधे, कोणत्याही गावात सापडेल असे. ते इथे लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढे कळेल. डोसे, पावभाजी, पुलाव, मुलांना आइस्क्रीम. पैसे कार्डाने दिले. अब्बांचे गुडघे दुखत होते म्हणून ते आणि अम्मी घरीच होते.

ते कार्ड घरखर्चाच्या खात्याचे. खाते अब्बांच्या आणि आमच्या नावावर, दोघांपैकी कोणीही चालवावे असे. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर अब्बांचा. बँकेचे संदेश त्यांच्याकडे येतात, पण अब्बा संदेश वाचत नाहीत. त्यांचा विश्वास छापील अक्षरावर. महिन्यातून एकदा बँकेत जाऊन पासबुक छापून आणायचे, फूटपट्टी ठेवून एकेक ओळ वाचायची आणि लाल पेनाने खूण करायची, हा त्यांचा शिरस्ता निवृत्तीनंतर अधिकच पक्का झाला आहे. आमच्या मते घरोघरी असा एक माणूस असावा.

त्या महिन्यात एका ओळीपुढे खूण झाली नाही. दोन दिवस अब्बा आमच्याशी कामापुरतेच बोलले. तिसऱ्या दिवशी अम्मीने स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारले, "तू बारमध्ये जातोस का रे?"

ओळ अशी होती: कार्डाने खर्च, रक्कम २,६०४ रुपये, तारीख सोमवारची, आणि नावाच्या जागी एक अनोळखी शब्द, त्यापुढे 'फूड्स ॲन्ड बार', मुंबई.

रक्कम आम्हाला लगेच ओळखीची वाटली. नाव मात्र साफ परके होते. आम्ही अब्बांना सांगितले की हे रविवारचे जुहूचे जेवण. त्यावर अब्बांनी फूटपट्टी सोमवारवर ठेवली, मग 'बार'वर ठेवली. "मतलब, तू हाजीसाहब को बार में खिलाके लाया?" खालूजान त्यांचे साडू. साडूपुढे माणसाची जी इज्जत असते तिला पासबुकात वेगळा रकाना नसतो, पण अब्बांच्या मनात तो सगळ्यात वरचा होता. आम्ही सांगत होतो की तिथे बार नव्हता, बाजूच्या टेबलावर जपमाळ घेतलेल्या आजी बसल्या होत्या. अब्बा म्हणत होते की छापलेले आहे.

तारखेचे उत्तर सोपे होते. रविवारी रात्रीचा खर्च खात्यात पुढच्या कामाच्या दिवसाच्या तारखेने दिसू शकतो. नावासाठी आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंना घाई होती, तरी त्यांनी समजावून सांगितले ते असे. कार्डाच्या व्यवहारात दोन बँका असतात: एक आपली, दुसरी हॉटेलात मशीन बसवणारी. मशीन घेताना हॉटेलवाला ज्या नावाने कागद देतो, ते नाव ती बँक नोंदवते आणि तेच आपल्याकडे येते. आपली बँक फक्त छापते. शिवाय जागा मोजकी. दुकानाचे नाव, शहर आणि देश मिळून संदेशात ४० अक्षरांची जागा, त्यात नावाच्या वाट्याला बावीस-पंचवीस. त्यापुढचे नाव सरळ कापले जाते.

प्रत्येक दुकानाला धंद्यानुसार चार अंकी संकेतही असतो. जेवणाच्या हॉटेलाला ५८१२, झटपट खाण्याच्या दुकानाला ५८१४ आणि दारूच्या बारला ५८१३. पासबुकात तो छापत नाहीत. छापला असता तर आमच्या घरातले दोन दिवस वाचले असते.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती वाचकांच्या उपयोगाची आहे. व्यवहार खरोखरच आपला नसेल तर वेळ दवडू नये. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकात असे ठरवून दिले की, चूक बँकेची नाही आणि आपलीही नाही अशी फसवणूक झाली आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवले, तर आपल्यावर काही भार नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर भार काही मर्यादेपर्यंत. पुढे बँकेच्या धोरणावर. दिवस मोजायचे ते संदेश मिळाल्यापासून, पासबुक छापल्यापासून नव्हे. हे ऐकून अब्बांनी त्याच संध्याकाळी आपला मोबाईल आमच्या मुलीच्या हाती दिला आणि संदेश मोठ्याने वाचून दाखवण्याची नोकरी तिला लावली. पगार रोज एक चॉकलेट. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, तोही त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवला.

पण 'बार' तसाच राहिला.

आमची बायको घरखर्चाची बिले तारेत टोचून ठेवते. जुहूचे बिल त्यात सापडले. त्या गुळगुळीत कागदावरची शाई दोन-तीन महिन्यांत उडून जाते, ही अजून शाबूत होती. एकूण २,४८० रुपये, केंद्राचा कर अडीच टक्के म्हणजे ६२, राज्याचा तेवढाच ६२, मिळून २,६०४. पासबुकाशी पैनपै जुळले. अब्बांनी स्वतः गुणाकार करून पाहिला. पाच टक्के कर लागलेल्या बिलातून मूळ रक्कम काढायची असेल तर वीसने गुणून एकवीसने भागावे. ही युक्ती आम्ही दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात शिकवली. फीसदचा धडा मुलांना एरवी कंटाळवाणा वाटतो, त्या दिवशी तास संपला तरी मुले उठेनात. बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण कसे काढावे हे शिकवले, हॉटेलचे बिल कसे वाचावे हे कोणी शिकवले नाही. खरे तर भाषा, गणित आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय त्या वीतभर कागदात आहेत.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात पंधरा अक्षरी-अंकी जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन. त्या पॅनमधले चौथे अक्षर सांगते की मालक कोण आहे: 'पी' असेल तर एकटा माणूस, 'सी' म्हणजे कंपनी, 'एफ' म्हणजे भागीदारी. इथे 'एफ' होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की कोणालाही दोन नावे दिसतात: कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव. आम्ही अब्बांना शेजारी बसवून क्रमांक टाकला. व्यापारी नाव पाटीवरचेच निघाले. कायदेशीर नाव लांबलचक होते. दोन जुनी दुकाने एकत्र करून काढलेली भागीदारी असावी. 'फूड्स ॲन्ड'च्या पुढे पूर्ण शब्द होता: बरकत. मग 'स्नॅक्स'.

बी, ए, आर इथे पासबुकाची जागा संपली होती. 'कत' बाहेर राहिले होते.

अब्बांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि हसू लागले. आतून अम्मी धावत आली. आमच्या देवनागरीत बर आणि बार यांत काना असतो. उर्दूत मध्ये अलिफ येतो. या दोन्ही लिपींत हा घोटाळा झालाच नसता. रोमन लिपीला काना नाही, तिने बरकतीचा बार करून टाकला. लिपीचा अभिमान आम्ही सहसा मिरवत नाही, पण त्या रात्री दोन्ही मातृलिपींच्या नावाने चहा झाला. ओळीपुढे लाल खूणही झाली.

गोष्ट इथे संपली असती तर ती स्टाफरूममध्ये सांगण्यापुरती होती. पण अम्मीने हसता हसता विचारले, "म्हणजे ते हॉटेल आपल्यातल्याचे आहे?" आणि घरात वेगळीच शांतता पसरली.

गुजरातच्या उत्तर भागातले चेलिया मुसलमान हॉटेलच्या धंद्यात मुरलेले लोक. गुजरातच्या महामार्गांवर आणि मुंबईतही त्यांची हॉटेले आहेत, त्यातली कितीतरी शाकाहारी. नावे बहुधा अशी की कोणालाही आपली वाटावीत. धंद्याला ते सोयीचे आणि अन्न खरोखरच शाकाहारी, त्यामुळे त्यात फसवणूक काहीच नाही. तरी २००२ मध्ये गुजरातेत या हॉटेलांना शोधून लक्ष्य केले गेले, पुढे बहिष्कारही झाला. पाटीवर नाव नव्हते, पण शोधणाऱ्यांना कागदावरचे सापडले. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात आदेश निघाले की कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाद्यगृहांनी मालकांची नावे ठळक लावावीत. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणते ते सांगा, नावाची सक्ती नको, असे म्हटले. वर्तमानपत्रात हे वाचताना आम्ही चिडलो होतो. आणि आता आमच्याच घरात बसून, घराच्या समाधानासाठी का होईना, आम्ही एका हॉटेलवाल्याचे झाकलेले नाव उघडले होते. कायद्याने ते उघडेच आहे, कोणीही पाहू शकतो. तरी त्या रात्री आम्हाला ते कोणाच्या घरात डोकावल्यासारखे वाटले.

अब्बांना मात्र त्याचे काही नव्हते. त्यांना त्या माणसाला भेटायचे होते. "बेचारे पे हमने दो दिन शक किया," ते म्हणाले. गुडघे दुखत असतानाही पुढच्या रविवारी ते रिक्षात बसले.

संध्याकाळची वेळ, हॉटेल भरलेले. गल्ल्यावर पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस. मागच्या भिंतीवर घड्याळ, परवान्याची चौकट, एक झऱ्याचे चित्र. देवाची तसबीर नाही, आयतही नाही. अब्बांची दाढी पांढरी, डोक्यावर टोपी. ते थेट गल्ल्यापाशी गेले आणि मशिदीच्या दारात म्हणावे तेवढ्या मोकळेपणाने म्हणाले, "अस्सलामु अलैकुम!"

त्या माणसाने आधी अब्बांकडे, मग अब्बांच्या मागे उभ्या असलेल्या, बिल द्यायला आलेल्या कुटुंबाकडे पाहिले. दोन्ही हात जोडले. "नमस्ते चाचा. आइए, फैमिली के लिए ऊपर जगह है."

अब्बांचा हात पुढे आला होता, तो हळूच मागे गेला. आम्ही त्यांना वर नेऊन बसवले. त्यांनी इडली मागवली आणि ती बराच वेळ नुसती चिवडली. आम्ही समजावू पाहत होतो, ते म्हणाले, "मैं समझा नहीं ऐसा मत समझ." खाली आलो तेव्हा गल्ल्यावर गर्दी नव्हती. त्या माणसाने निम्मेच पैसे घेतले. उरलेले परत करताना मान न उचलता, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "व अलैकुम अस्सलाम, चाचा. दुआ में याद रखिए." अब्बांनी परत मिळालेले पैसे तिथल्या वेटरांच्या डब्यात टाकले. बरकतीचा शब्दही त्यांनी काढला नाही.

आमचे मत विचाराल तर आम्हाला त्या माणसाचा राग आला नाही, अब्बांनाही नाही. सलामाला जवाब देणे वाजिब आहे, हे तो जाणून होता. म्हणून तर अर्ध्या तासाने का होईना त्याने तो दिला. ज्या शहरात माणसाला सलामाचे उत्तर गर्दी ओसरेपर्यंत राखून ठेवावे लागते, त्या शहराविषयी आम्हाला जे वाटायचे ते वाटले.

परतताना चौपाटीवर आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. बर्फाच्या गोळ्याचा ठेला लावतो. त्याला हा किस्सा नावगाव न सांगता ऐकवला तर तो हसला. "सर, हमारा तो पासबुक तक रुकने का भी सवाल नहीं." त्याच्या ठेल्यावर पैसे घेण्याचा चौकोनी ठिपक्यांचा कागद लावलेला आहे. पूर्वी तो कागद मोबाईलवर धरला की पुष्कळांच्या पडद्यावर ठेल्याचे नाव येई, कारण ॲपमध्ये हवे ते नाव ठेवता येई. २०२५ च्या जूनअखेरपासून नियम आला की पैसे देणाऱ्याला बँकेत नोंदलेले नावच दिसावे. फसवणूक टाळण्यासाठी नियम चांगला आहे, आम्हीच वर्गात मुलांना सांगतो की नाव वाचल्याशिवाय पिन दाबू नका. पण आता गोळा हातात देण्याआधी त्याचे पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, समोरच्याच्या पडद्यावर उमटते. "कुछ नहीं होता सर, लोग पैसा देते हैं. कभी-कभी एक आदमी स्क्रीन देखता है, फिर मुझे देखता है, फिर बोलता है, कैश देता हूँ." त्याच्या शेजारी तो बोलका डबा होता, पैसे आले की मोठ्याने आकडा सांगणारा. डबा फक्त रक्कम सांगतो. अब्बांना तो डबा फार आवडला. त्यांनी दोन गोळे घेतले, दोनदा वेगवेगळे पैसे द्यायला लावले आणि दोन्ही वेळा मान डोलावून आकडा ऐकला.

महिनाभराने खालाचा चिपळूणहून फोन आला. तिच्या शेजारचे कुटुंब मुंबईला येणार होते, मराठे, माळकरी, मांसमच्छी वर्ज्य. त्या दिवशी जुहूला जेवलो त्या हॉटेलाचे नाव तिला हवे होते. "शुद्ध शाकाहारीच आहे ना ते? नक्की?"

अम्मीने आमच्याकडे पाहिले, मग अब्बांकडे. अब्बा फूटपट्टी घेऊन पासबुकात डोके घालून बसले होते, त्यांनी वर पाहिले नाही.

"अगदी शुद्ध," अम्मी म्हणाली, आणि पाटीवरचे नाव सांगितले.